अकाउंट गेलं म्हणजे फायली गेल्या असं नाही भाऊ

भाऊ, पहिले त्या दुकानवाल्याला सांगा की फॉर्मेट मारू नको म्हणून. तुम्ही लिहिलं की वादळात लाईट गेली, पीसी धाडकन बंद पडला, चालू केल्यावर पासवर्ड तर घेतला पण डेस्कटॉप कोरा, बहिणीच्या लग्नाचे फोटो आणि बिलांच्या एक्सेल शीट सगळ्या गायब. तात्पुरत्या प्रोफाइलने साइन इन झालं असा मेसेज दिसला असेल तर अर्धं टेन्शन इथंच सोडा.

होते काय, विंडोज आपल्याला नावानं ओळखतच नाही, त्याच्यासाठी आपण म्हणजे एस-१-५-२१ पासून सुरू होणारा एक लांबलचक आकडा, एसआयडी म्हणतात त्याला, आणि कोणत्या आकड्याचं फोल्डर कुठं आहे हे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, लिहून असते. सेटिंगा राहतात एनटीयुजर डॉट डॅट नावाच्या फायलीत, ती नेमकी लिहिणं चालू असताना लाईट गेली की कधीकधी खराब होते, मग विंडोज टेम्प नावाच्या फोल्डरात आपल्याला पाहुण्यासारखं बसवते. तिथं काहीच सेव्ह करू नका बाप्पा, साइन आउट केलं की ते सगळं साफ होते.

आता सी ड्राइव्हमधे युजर्स उघडा, जुन्या नावाचं फोल्डर दिसते का पहा, राइट क्लिक करून साईज पहा. परवानगी मागितली तर कंटिन्यू दाबा, वेळ लागते, घाबरू नका. साईज जीबीमधे दिसून राहिली तर माल जागेवर आहे. तो आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, मग बाकीचे प्रयोग. हार्ड डिस्क कटकट आवाज करत असेल तर चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासायचं विंडोजचं टूल, ते पण कॉपी झाल्यावरच चालवा, मरायला टेकलेल्या डिस्कला अजून पळवायचं काहून?

माझ्याकडे मे महिन्यात असंच झालं होतं, कूलर आणि पीसी एकाच बोर्डावर, फ्यूज उडाला आणि बाबांचं अकाउंट बसलं. मी हुशारी करून सेटिंगमधून जुनं अकाउंट काढायला गेलो, समोर अकाउंट आणि डेटा दोन्ही डिलीट करायचं बटन, बोट माउसवर, तेवढ्यात आईनं लिंबं आणायला पाठवलं म्हणून वाचलो. ते बटन दाबलं असतं तर फोल्डरच गेलं असतं. आणि काढून त्याच नावानं नवीन बनवलं तरी काही फायदा नाही, आकडा नवीन येते म्हणजे विंडोजसाठी माणूसच नवीन.

कॉपी झाली की दुसऱ्या अ‍ॅडमिन अकाउंटमधून रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री बदलायचा प्रोग्राम, उघडा, लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइललिस्ट असं जा आणि आधी एक्सपोर्ट करून ठेवा. बऱ्याचदा एकच आकडा दोनदा दिसते, एकाच्या शेवटी डॉट बीएके. प्रोफाइल इमेज पाथ पहा, बीएकेवाल्यात तुमचं जुनं फोल्डर असेल आणि साध्यात टेम्प, तर साध्याला शेवटी डॉट ओल्ड लावा, मग दुसऱ्याचं बीएके काढा, त्यात स्टेट आणि रेफकाउंट असतील तर दोन्ही शून्य करा आणि रिस्टार्ट.

तरी नाही जमलं तर डॅट फाइलच खराब समजा आणि तिच्या मागं लागू नका, मी तर सरळ नवीन अकाउंटच करतो. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स त्यात टाका, फक्त एनटीयुजर नावाच्या फायली उचलू नका, नाहीतर जुना रोग नव्या घरात. क्रोमचे बुकमार्क जुन्या फोल्डरातल्या अ‍ॅपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरातून येतात, सेव्ह केलेले पासवर्ड मात्र जुन्या अकाउंटच्या चावीनंच उघडतात, ते बहुतेक विसरा. फायलींवर कुलपाचं चिन्ह असेल, म्हणजे विंडोजनं त्या एन्क्रिप्ट करून ठेवल्या असतील, तर जुनं अकाउंट अजिबात काढू नका, त्यांचं सर्टिफिकेट तिथंच आहे.

विंडोजच चालू होत नसेल तर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून कॉपी होते, पण बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हला लावलेलं विंडोजचं कुलूप, असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल, मायक्रोसॉफ्ट अकाउंट कधी जोडलं असेल तर तिथं पहा.

बीएके दिसलं की नाही आणि फोल्डरची साईज किती आली ते टाका इथं, रात्री ड्यूटीवरून आल्यावर पाहतो.