अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या सामान्य बाईचा संसार पूर्वी कसा असायचा? सिनेमात दिसतो तसाच का?

सिनेमात दिसते ती चकचकीत ओट्यापाशी एप्रन बांधून उभी असलेली शहरातली बाई. तीही 1950 नंतरची. त्याच्या आधीच्या पिढीत शेतावरच्या बहुतेक बायकांच्या घरात नळही नव्हता.

मी बारा वर्षं मिडवेस्टमधल्या आयोवा राज्यात राहते. शेजारच्या आजी 92 वर्षांच्या आहेत. दर गुरुवारी मी त्यांना किराणा आणायला घेऊन जाते आणि येताना त्यांच्या स्वयंपाकघरात तासभर बसते. मिडवेस्ट म्हणजे बारा राज्यं. शिकागोच्या चाळीतली पोलिश बाई आणि मिनेसोटातली नॉर्वेजियन शेतकरीण यांचे संसार सारखे नव्हते. म्हणून मला जवळून कळलेलं एकच घर सांगते, आजींच्या आईचं.

आईचा जन्म 1905चा. घरात जर्मन बोलायचे. पहिलं महायुद्ध चालू असताना, 1918च्या मे महिन्यात, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं की शाळेत, चर्चमध्ये, चारचौघांत आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीच बोलायचं. तेव्हा टेलिफोनची एकच तार कितीतरी घरांत जायची, शेजारीण रिसीव्हर उचलून सगळं ऐकू शकायची. तेरा वर्षांच्या त्या मुलीने आपल्या आजीला फोन करणं सोडून दिलं, कारण म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं. आज माझ्या शेजारच्या आजींना जर्मनमधली फक्त जेवणाआधीची प्रार्थना येते. माझी मुलं घरात मराठी बोलतात ना, हे त्या मला अधूनमधून विचारतात.

आई एका खोलीच्या शाळेत शिकवायची. 1926 मध्ये लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईला बहुतेक ठिकाणी शाळेत ठेवत नसत. पाच मुलं झाली, त्यातलं एक दुसऱ्याच दिवशी गेलं.

आठवड्याची कामं ठरलेली असत. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, मग शिवणटिपण, लोणी काढणं, साफसफाई, शनिवारी पाव भाजणं, रविवारी चर्च. यातला सोमवार आजी अजून हातवारे करून सांगतात. पहाटे हातपंपाने पाणी काढायचं, बादल्या आत आणायच्या, चुलीवर तांब्याच्या मोठ्या हंड्यात तापवायचं. चुलीत जळण कसलं, तर दाणे काढून उरलेली मक्याची कणसं. ती गोळा करून आणणं पोरांचं काम. साबण घरीच डुकराची चरबी आणि लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार, घालून केलेला. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी नवऱ्याचे शेतातले, सगळे त्याच पाण्यात. उरलेल्या पाण्याने पडवी धुवायची. जानेवारीत दोरीवरचे कपडे गोठून फळीसारखे कडक व्हायचे, वडिलांची पँट भिंतीला टेकवली की आपली आपण उभी राहायची. आईच्या बोटांना चिरा पडायच्या, रात्री ती त्यांत चरबी भरायची.

जुलैत ओटची मळणी. आपल्याकडे सावड असते तशीच पद्धत. मळणीयंत्र एक आणि शेजारचे सगळे शेतकरी आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर. ज्याच्या शेतावर मळणी, त्याच्या बायकोने पंधरा-वीस गड्यांना जेवायला घालायचं. दुपारचं जेवण म्हणजे डिनर, रात्रीचं सपर, आणि मधल्या दोन वेळांना सँडविच आणि कॉफी शेतात पोहोचवायची. कोणाकडचा ‘पाय’ (pie, फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) चांगला होता याची चर्चा गडी पुढच्या घरी करत, त्यामुळे प्रत्येक बाईला धाकधूक. पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य फुलाफुलांच्या कापडी पोत्यांतून येई. त्या पोत्यांचे फ्रॉक आजी आठवीपर्यंत घालत होत्या.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, अंड्यांचे पैसे. मका आणि डुकरं नवऱ्याची, कोंबड्या आणि साय बायकोची. शनिवारी संध्याकाळी सगळे गावात जात, दुकानं उशिरापर्यंत उघडी असत. आई अंड्यांचं खोकं घेऊन जायची. एका खोक्यात तीस डझन. त्या पैशांतून साखर, कॉफी, बूट, डॉक्टर. 1932च्या मंदीत मक्याचा भाव इतका पडला की विकण्यापेक्षा जाळणं परवडे म्हणून लोकांनी तो शेगडीत घातला. त्या वर्षी घर अंड्यांवर चाललं. आई वहीत रोज लिहायची. हवा कशी, किती अंडी, किती साय, कोण येऊन गेलं. मूल गेलं त्या दिवशीही अंड्यांचा आकडा आहे, पण तो वडिलांच्या अक्षरात.

वीज 1940 मध्ये आली. 1935 मध्ये रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं तेव्हा देशातल्या दहांपैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. आईने सगळ्यात आधी विजेची इस्त्री घेतली. जुलैत चुलीपाशी उभं राहून लोखंडी इस्त्र्या तापवणं बंद झालं, याचा आनंद तिला दिव्यापेक्षा जास्त झाला होता.

1930च्या जनगणनेचे कागद आता इंटरनेटवर बघता येतात. आजींच्या घरची नोंद मी शोधून काढली. वडिलांपुढे व्यवसाय ‘शेतकरी’. आईपुढे ‘काही नाही’. गणना करणाऱ्याची चूक नव्हती, घरकाम करणाऱ्या बाईपुढे तसंच लिहायच्या सूचना होत्या. मला तो कागद आजींना दाखवायचं धाडस झालं नाही.

याचा फटका नुसता कागदावर बसला नाही. 1974 मध्ये वडील वारले. शेत दोघांच्या नावावर होतं, पण तेव्हाच्या वारसा कराच्या कायद्यात अशी मालमत्ता पूर्ण मृत माणसाचीच धरत. बायकोने स्वतःचा पैसा घातल्याचा पुरावा दिला तरच तिचा हिस्सा वगळायचे. अठ्ठेचाळीस वर्षं राबून तिला स्वतःच्याच शेतावर कर. 1976 मध्ये त्यात थोडी सवलत आली, 1981 मध्ये नवरा-बायकोमधला हा करच गेला. पण आईच्या वेळी वकिलाने विचारलं, कागदोपत्री काही आहे का? तेव्हा माळ्यावरून वह्या खाली आल्या. दोन मुली चार रात्री जेवणाच्या टेबलाशी बसून तीस डझन, तीस डझन अशी बेरीज करत होत्या. त्यातली एक म्हणजे आजी.

त्या वह्या आजींच्या कपाटात बुटांच्या खोक्यात आहेत. आयोवा सिटीच्या विद्यापीठात बायकांचे कागद जपणारा संग्रह 1992 पासून आहे. आयोवातल्या कलासंग्राहक लुईझ नून यांनी स्वतःच्या मालकीचं, मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचं चित्र विकून त्यासाठी पैसा उभा केला. तिथे वह्या द्याल का, असं मी आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, अंड्यांचे आकडे कोण वाचणार? मी म्हटलं, मी वाचले की. पुढच्या गुरुवारी त्यांनी खोकं टेबलावर काढून ठेवलं होतं. देणार की नाही, ते अजून ठरलेलं नाही.