घरी केलेल्या डिटर्जंटने धुतलेले पांढरे कपडे करडे का पडतात?

साबण किसून त्यात धुण्याचा सोडा मिसळलेली पावडर वापरू लागल्यापासून मुलांचे शाळेचे शर्ट आणि पंचे करडे पडत आहेत, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते पावडरीआधी पाणी तपासावे. आमच्या नागपुरात बऱ्याच घरी पिण्याला नळाचे आणि धुण्याला बोअरचे पाणी वापरतात, आणि बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन, म्हणजे साबणाचा फेस नीट न होऊ देणारे कठीण पाणी, असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो मळ धरून सुती धाग्यांत बसतो. म्हणूनच कपडे मळकट दिसतात म्हणून साबण वाढवला, की ते आणखी मळकट होतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानली आहे आणि दुसरा पर्याय नसल्यास ६०० पर्यंत चालते. म्हणजे प्यायला योग्य असलेले पाणीही साबणाला जड जाऊ शकते.

यावर मला खात्रीचा वाटणारा उपाय म्हणजे क्रम बदलणे. बादलीभर कोमट पाण्यात आधी एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून थोडा वेळ ठेवावा, तळाशी गाळ बसला तर वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे, आणि मगच पावडर टाकावी. खाण्याच्या सोड्याने हे काम नीट होत नाही. आधीच करडे पडलेले सुती कपडे गरम पाण्यात नुसता सोडा घालून रात्रभर भिजवावेत. पाणी गढूळ झाले तर तो जुना साकाच निघत असतो. रेशीम आणि लोकर मात्र सोड्यात मुळीच घालू नये.

लिंबाचा रस किंवा व्हिनेगर साबणाच्याच पाण्यात घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे, कारण आम्लाने साबण फुटतो आणि त्यातील तेलकट भाग कपड्यावर बसतो. शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात थोडे व्हिनेगर चालेल, पण क्लोरीनच्या ब्लीचबरोबर कधीही नको, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

विकतच्या पावडरीत कापड उजळ भासवणारी द्रव्ये असतात, ती घरच्या पावडरीत नसतात. ती उणीव शेवटच्या पाण्यात नीट विरघळवलेल्या निळीच्या दोन-चार थेंबांनी बरीचशी भरून निघते. सुती कपडे ओले असतानाच गच्चीवरच्या कडक उन्हात वाळत घालावेत. नायलॉनचे मात्र सावलीत, कारण ते उन्हाने पिवळे पडतात.