फ्रंट लोड मशीनला कुबट वास येतोय, डिस्केलर टाकूनही जात नाही, टेक्निशियन ड्रम बदला म्हणतोय. काय करू?

तुम्ही लिहिलंय की मशीन चार वर्षांची आहे, दार उघडलं की कुबट वास येतो, धुतलेल्या टॉवेललाही तोच, डिस्केलिंग पावडर दोनदा टाकून झाली आणि आता टेक्निशियन ड्रमचा खर्च सांगून गेलाय. थांबा जरा, अजून पैसे देऊ नका. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, आमचीही फ्रंट लोडच, आठ वर्षं झाली, आणि या वासापायी बायको एकदा मशीन विकून टॉप लोड घेऊया म्हणण्यापर्यंत आली होती.

वास आणि क्षार ही दोन वेगळी दुखणी आहेत, आपण दोन्हीवर एकच पावडर ओततो तिथेच घोळ होतो. आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी मिक्स येतं, नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात, तोच थर मशीनच्या हीटरवर बसतो आणि तो काढायला डिस्केलर लागतो, बरोबर आहे. पण माझी बहीण नेरूळला राहते, तिच्याकडे मोरबे धरणाचं पाणी, तोटीवर एक डाग नाही, आणि वास मात्र आमच्यापेक्षा दुप्पट! कारण बाईसाहेब टोपणभर लिक्विड आणि वर टोपणभर सॉफ्टनर ओतायच्या आणि सगळं गार पाण्यात धुवायच्या.

फ्रंट लोड मुळात पाणी कमी घेते, त्यामुळे जास्तीचा साबण नीट वाहून जात नाही. तो, सॉफ्टनर, अंगाचं तेल आणि कपड्यांचा मळ मिळून आतल्या स्टीलच्या ड्रमच्या मागे, बाहेरच्या प्लास्टिक टबला चिकटून बसतात, आणि गार पाण्याने तो थर हलत नाही. आमची मशीन एकदा बेअरिंगसाठी उघडली होती तेव्हा मी उभा राहून बघितलं, ड्रमच्या मागे करडा थर, बोटाने ओढला तर गार झालेल्या पिठल्यासारखा निघत होता, आणि वास विचारू नका. त्यात बुरशी आणि बॅक्टेरिया मजेत वाढतात. डिस्केलर म्हणजे ॲसिड, ते क्षार विरघळवतं, हे पिठलं नाही.

आता करून बघायची गोष्ट. मशीन पूर्ण रिकामी ठेवा, साबणाचा थेंबही न टाकता 60 किंवा 90 डिग्रीवर लावा आणि पंधरावीस मिनिटांनी काचेतून बघा. फेस दिसला ना, तर तो जुना साबण आहे. आमच्याकडे एवढा फेस आला की मला वाटलं पोराने गुपचूप काहीतरी टाकलं. मग ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट, ऑनलाइन मिळतं, साधारण 100 ग्रॅम ड्रममध्ये टाकून परत गरम सायकल. आम्हाला तीनदा करावं लागलं, दुसऱ्या वेळी करडे तुकडे निघाले, मग नुसतं रिन्स दिलं. कुठलंही ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्व एकत्र करू नका हां, साध्या क्लोरीनवाल्या ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की विषारी गॅस होतो, आणि आपल्या ड्राय बाल्कनीत हवा खेळायला जागाच किती.

दाराचं रबर बोटाने उलटं करून खालची घडी बघा, पाणी तिथेच साचतं, केस आणि लिंट पण. जुन्या बनियनने पुसायचं, मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी. काळे ठिपके रबरात मुरले असतील तर जात नाहीत, सोडून द्या, त्यांच्यासाठी रबर घासून फाडू नका. साबणाचा ड्रॉवर पूर्ण बाहेर निघतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, तो काढून त्याच्या वरच्या छतावर मोबाइलचा टॉर्च मारा, तिथे पण बुरशी.

आणि फिल्टर! पुढे खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागे ड्रेन पंपचा फिल्टर. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा युट्यूब अर्धवट बघून डायरेक्ट फिरवला, आत लिटर-दोन लिटर पाणी असतं हे कुठे माहीत, सगळं ड्राय बाल्कनीतून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर. काकू अजून बोलतात त्यावरून. तर आधी स्विच बंद, गरम सायकल नुकतीच झाली असेल तर पाणी गार होऊ द्या, शेजारची बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून पाणी ताटात घ्या (परात उंचीत बसत नाही), ताट भरलं की बूच लावा, ओता, परत लावा, मग फिल्टर हळूहळू डावीकडे फिरवा. आमच्या फिल्टरमधून दोन रुपयांची दोन नाणी, एक हेअरपिन, मुलाचा छोटा मोजा आणि लोकलच्या तिकिटांचा लगदा निघाला. हा आता दोन महिन्यांतून एकदा साफ करतो.

रोजचं म्हणाल तर फक्त मॅटिक फ्रंट लोडवालं डिटर्जंट, पाकिटावर लिहिलंय त्याहून थोडं कमीच, सॉफ्टनर बंद, आठवड्यातून एकदा टॉवेल-चादरी 60 वर, आणि धुऊन झाल्यावर दार आणि ड्रॉवर उघडे. पावसाळ्यात तर नक्कीच. घरात लहान मूल असेल तर दार बोटभरच आणि मेन स्विच बंद. आमच्याकडे मांजर आहे, एकदा आत जाऊन झोपली होती, तेव्हापासून कपडे टाकायच्या आधी मी ड्रममध्ये हात फिरवतो.

टेक्निशियन खरंच बरोबर आहे का ते पण बघता येतं. रिकाम्या ड्रमची पुढची कडा आतून धरून वर उचला. ड्रम आणि टब दोन्ही एकत्र डोलले तर ठीक, ते स्प्रिंगवरच असतात. एकटा ड्रम टबच्या आत खाली-वर झाला, किंवा स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज येत असेल, तर बेअरिंग गेलंय किंवा ड्रमला मागून धरून ठेवणारा तीन हातांचा ॲल्युमिनियमचा सांगाडा, म्हणजे स्पायडर, त्या थराखाली कुजलाय, मग खर्च आहेच. नुसत्या वासासाठी ड्रम बदलत नाहीत. आज हे हलवून बघा आणि काय वाटलं ते इथे खाली लिहा.