पल्स ४६, घाबरू का?

प्रश्न: डॉक्टर, वय २४, रोज पळतो. स्मार्टवॉचवर बसल्याजागी पल्स ४६ दाखवतंय, आई म्हणते आत्ताच्या आत्ता दाखवून ये. काय करू?

उत्तर: नॉर्मल ६० ते १०० म्हणतात खरं, पण नियमित पळणाऱ्यांचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं त्यामुळे ४०-५० मध्येही भागतं, झोपेत तर अजून उतरतं. आधी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोज, घड्याळं कधीकधी ठोके गाळतात. चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, उगाच धाप लागणं असलं काही असेल तर पळणं बंद आणि लगेच डॉक्टर गाठ. नसेल तरी एकदा ईसीजी आणि थायरॉइड करून टाक (आईपण शांत होईल), थायरॉइड कमी असलं तरी पल्स उतरते. आणि मायग्रेनसाठी वगैरे प्रोप्रॅनोलॉल (पल्स उतरवणारं औषध) चालू असेल तर तेही सांग, मनाने बंद करू नकोस.