रावेरहून म्युनिकला येणाऱ्या भावाला: ती गाडी, तो टायर आणि पहिला हिवाळा

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत म्युनिकला नोकरीवर रुजू व्हायचंय, बायको आणि आठ वर्षांचा मुलगा सोबत येणार, आणि तिथून कायमचा भारतात परतणारा तुझा मित्र त्याची बीएमडब्ल्यू एम-टू ही वेगवान गाडी तुला बऱ्याच कमी किमतीत देतोय. गाडीवर उन्हाळी टायर आहेत. बर्फ पडला त्या दिवशी गाडी घरी ठेवीन, बाकीचे दिवस सांभाळून चालवीन, चालेल का? शेवटी एकटेपणाबद्दलही एक ओळ टाकली आहेस.

मी यावलचा, तू रावेरचा, म्हणून मोकळेपणी लिहितो. व्हिसा, पत्त्याची नोंदणी, बँक खातं, लायसन्स यावर मी काही लिहिणार नाही. ते सरकारी पानांवर सगळं नीट दिलेलं आहे.

गाडीचं उत्तर: नाही चालणार. आणि कारण बर्फ नाही.

आपल्याकडे ४४-४५ अंशांत डांबर मऊ होतं ते आपण पाहिलेलं असतं. थंडीत टायरचं काय होतं ते पाहायची वेळच येत नाही, म्हणून आपल्या डोक्यात धोका म्हणजे पांढरा रस्ता. रस्ता कोरडा, ऊन पडलंय, मग भीती कसली? पण उन्हाळी टायरचं रबर उष्णतेत काम करायला बनवलेलं असतं. टायर रस्त्याला धरतो कारण मऊ रबर डांबराच्या बारीक खडबडीत दबून बसतं. पारा उतरला की ते रबर ताठ होतं, दबत नाही, खडीवरून नुसतं सरकतं. साधारण ७ अंशांच्या खाली हा फरक सुरू होतो असं इथे सगळे धरून चालतात. तो अंदाज आहे, ७ ला बटण दाबल्यासारखं काही होत नाही, पण अंदाज चांगला आहे. आणि टायर जितका वेगवान गाडीसाठी बनवलेला, तितका तो थंडीत जास्त बिघडतो, कारण तो गरम झाल्यावरच खरी पकड देतो. थंडीत केळीच्या बागेचं होतं तसंच बघ. पारा १० च्या खाली गेला तरी बाग उभी दिसते, लांबून काही कळत नाही, पण वाढ थांबलेली असते आणि नवं पान पोंग्यातच अडकलेलं असतं. तिथे आपण रात्री पाणी सोडतो, बांधावर धूर करतो. टायरसाठी असा काही उपाय नाही, टायर बदलावाच लागतो.

माझ्यासोबत झालं ते ऑक्टोबरच्या अखेरीला. माझ्याकडेही तेव्हा मागच्या चाकांना ताकद देणारी दणकट गाडी होती. हिवाळी टायर घेऊन ठेवले होते, पण गॅरेजवाल्याने नोव्हेंबरची तारीख दिली होती; त्या पंधरवड्यात अख्खं गाव टायर बदलायला रांगेत असतं. सकाळी मुलाला शाळेत सोडायला निघालो. बाहेर ३ अंश, रस्ता पूर्ण कोरडा, वेग रोजचाच. गोल चौकातून बाहेर पडताना रोजच्याइतकीच रेस दिली आणि मागची चाकं बाजूला घसरली. स्टेअरिंग एकाएकी हलकं झालं, समोरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी आडवी होत उजवीकडच्या गवतात जाऊन थांबली. समोरून कोणी येत नव्हतं एवढंच. मागच्या सीटवर मुलाची पाण्याची बाटली उलटली होती आणि तो विचारत होता की आपण इथे का थांबलो.

तो पिवळा दिवा म्हणजे गाडीची घसरण आवरणारी यंत्रणा. तिच्यावर लोकांचा फार भरवसा असतो. ती इंजिनची ताकद कमी करते, एकेका चाकाला ब्रेक लावते. पण चाकाखाली जी पकड आहे तीच ती वाटून देते. नसलेली पकड ती कुठून आणणार? चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचंही तेच. जागेवरून निघताना ती मदत करते, पण थांबताना आणि वळताना तिलाही त्याच चार टायरांवर भागवावं लागतं. पहिल्या एम-टूमध्ये ३७० अश्वशक्ती आहे, नंतरच्या गाड्यांत ४०० च्या वर, आणि सगळी मागच्या दोन चाकांवर. टर्बो इंजिन असल्यामुळे जोर खालच्या आरपीएमलाच एकदम येतो. गार टायरला तो झेपत नाही.

तू सांभाळून चालवशील यावर माझा विश्वास आहे. पण सांभाळणं म्हणजे काय ते इथे वेगळं आहे. वळणात मागून सुटतंय असं वाटलं की आपला पाय झटकन उचलला जातो. मागच्या चाकांच्या गाडीत त्याने वजन पुढे जातं, मागचं आणखी हलकं होतं आणि घसरण वाढते. पाय हळू उचलायचा, हाताने गिअर बदलायची गाडी असेल तर क्लच दाबायचा, नजर जायचंय तिकडे ठेवायची आणि स्टेअरिंग तिकडेच वळवायचं. हे वाचून येत नाही. इथे एडीएसी या वाहनचालकांच्या क्लबच्या सराव-मैदानांवर ओल्या, निसरड्या पट्ट्यावर गाडी मुद्दाम घसरवून शिकवतात. कुठलीही गाडी घेतलीस तरी तो एक दिवस कर. बायकोनेही करावा.

पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. जंगलातल्या सावलीच्या वळणावर दुपारी बारालाही सकाळचं दव बर्फ होऊन बसलेलं असतं. शरद ऋतूत बीटाची काढणी चालते तेव्हा ट्रॅक्टरचा चिखल रस्त्यावर येतो. आणि दर १० अंश पारा उतरला की टायरची हवा साधारण ०.१ बारने कमी होते. जानेवारीत गाडी ताब्यात घेशील तेव्हा मित्राने ऑगस्टमध्ये भरलेल्या हवेवर जाऊ नकोस.

कायद्याचं एकच सांगतो, कारण ते तुला अर्धवट सांगितलं जाईल. तारखेनुसार सक्ती नाही हे खरं आहे. रस्त्यावर बर्फ, गोठलेलं दव, निसरडं असेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे, २०१० पासून. ६० युरो दंड आणि लायसन्सच्या नोंदीत एक दंडगुण, वाहतूक अडवलीस तर दंड ८०. पण दंड मोठी गोष्ट नाही. त्या अवस्थेत अपघात झाला तर विमा कंपनी घोर निष्काळजीपणा म्हणून तुझ्या गाडीची भरपाई कापू शकते. आणि टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह हवं. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं १ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. विकणारे अजून ते दाखवून “हिवाळी आहेत” म्हणतात.

मुलगा आठ वर्षांचा आहे म्हणालास. बारा वर्षं किंवा १५० सेंटिमीटर होईपर्यंत त्याला मुलांची सीट लागते, आणि एम-टूला दरवाजे दोनच. पुढची सीट वाकवून, जाड जाकिटातल्या मुलाला मागे बसवून पट्टा लावायचा, रोज सकाळी, अंधारात. शिवाय नवख्याला इथे विमा सगळ्यात खालच्या पायरीवरून सुरू करावा लागतो, आणि अशा गाडीचा हप्ता ऐकून तुझी स्वस्त किंमत विसरायला होईल.

मुलाचा विषय निघालाच आहे तर गाडीपेक्षा हे महत्त्वाचं, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे त्याखालची मधली शाळा. इथे १ म्हणजे सर्वोत्तम. माझा मुलगा तिसरीच्या मध्यात आला. चौथीच्या मे महिन्यात निकाल हातात आला: गणित १, परिसर ३, जर्मन ४. बरोबर २.६६. शाळेतल्या बाईंनी हसून सांगितलं की रेआलशूलही छान असते. आम्ही मान हलवली, घरी आलो.

पुढे फार उशिरा एका तुर्की शेजारणीकडून कळलं की ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जे पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हते, त्यांच्यासाठी नियमातच सवलत आहे. जर्मन भाषेतली कमतरता भरून निघण्यासारखी असेल तर ३.३३ पर्यंतच्या सरासरीवरही शाळा गिम्नाझियमची शिफारस करू शकते. माझ्या मुलाची सरासरी त्याच्या कितीतरी आत होती. त्या शाळेत एकाही माणसाने हे तोंडातून काढलं नाही. मुलगा आज आनंदात आहे, अभ्यासात पुढे आहे, रेआलशूलमधूनही वरची वाट निघते, हे सगळं मला माहीत आहे. तरी त्या निकालाच्या कागदाचा विषय निघाला की माझा आवाज चढतो आणि बायको दुसऱ्या खोलीत जाते. तुझा मुलगा येताच बहुधा तिसरीत बसेल. पहिल्याच पालकभेटीत ३.३३ हा आकडा स्वतः काढ आणि त्यांचं उत्तर लेखी माग.

कागदांचंही एक ऐक. आपला अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय करारानुसारचा शिक्का, जगात बऱ्याच ठिकाणी चालतो, जर्मनीत चालत नाही. भारताच्या त्या करारातल्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतलेला आहे. त्यामुळे आमची मुलगी इथे जन्मली तेव्हा तिच्या दाखल्यासाठी आमच्या जन्माच्या आणि लग्नाच्या कागदांची पडताळणी निघाली. म्हणजे खरोखर एक माणूस गावी जाऊन ग्रामपंचायतीचं रजिस्टर बघतो. माझ्या जन्माच्या नोंदीत पाळण्यातलं नाव, शाळेच्या दाखल्यावर वेगळं, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये घातलेलं. वडील त्या वयात उन्हातून तीनदा तालुक्याला गेले. मुलगी चालायला लागली तरी दाखला पूर्ण नव्हता. तुझ्या घरच्या सगळ्या नोंदी निघायच्या आधी एकसारख्या करून घे, तू तिथे आहेस तोवर. नंतर ते काम तुझ्या वडिलांच्या डोक्यावर जातं.

एकटेपणाचं: येतो. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. म्युनिकला महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीला जा, चार घरं जोड, शेजाऱ्याला भरीत खाऊ घाल. निभतं.

ती गाडी तुला का हवी आहे ते मात्र मला कळतं, म्हणूनच एवढं लांबलं. माझं काम काय ते वडिलांना मी कितीदा सांगितलं, त्यांना ते नीट समजत नाही. गाडी समजत होती. मी तिच्याजवळ उभा असलेला फोटो त्यांनी केळीच्या काट्यावर, सोसायटीत, लग्नात, सगळीकडे दाखवला. पोरगा तिकडे गेला त्याचं काहीतरी दिसायला हवं ना माणसाला. मी ती गाडी विकून साधी, पुढच्या चाकांना ताकद देणारी, मागे सामान मावणारी गाडी घेतली तेव्हा फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, “पैशाची अडचण आहे का?” मी टायर, थंडी, मुलगा मागे बसतो, सगळं सांगितलं. ते हो हो म्हणाले. त्यांना पटलं नाही, ते मला ऐकू येत होतं. नव्या गाडीचा फोटो त्यांनी कधी मागितला नाही आणि मीही पाठवला नाही. तीन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. आता मुलगा स्वप्नातही जर्मन बोलतो, बाग वडील एकट्याने बघतात, आणि रोज सकाळी फोनवर पहिलं विचारतात, तिथे किती अंश आहे. परत जायचं का, यावर आम्ही नवरा-बायको बोलायला बसतो आणि अर्ध्यात उठतो. तुला यावर सल्ला द्यायला माझ्याकडे काही नाही.

गाडीबद्दल आहे. पहिला हिवाळा गाडीशिवाय काढ. म्युनिकची लोकल आणि भुयारी रेल्वे पुरेशी आहे. एम-टू घ्यायचीच असेल तर एप्रिलमध्ये घे, आणि हिवाळी टायर रिमसकट किमतीत धरून माग, गाडीच्या कागदांत परवानगी असलेल्या मापाचे. मित्र म्हणेल, तोवर गाडी बाहेर उभी राहू दे. टायर शर्यतीच्या मैदानासाठीचे असतील तर ते आधी बघ. तसल्या काही टायरांबाबत बनवणारेच सांगतात की कडाक्याच्या थंडीत गाडी जागची हलवूही नका, रबराला तडे जातात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, ३५२२ म्हणजे २०२२ चा पस्तिसावा आठवडा. कायद्याने टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटर पुरते, हिवाळी टायरला ४ च्या खाली जाऊ देऊ नकोस. पैसे देण्याआधी चारही टायरांच्या कडांचे फोटो मित्राकडून मागव आणि मला पाठव. रविवारी मी घरी असतो, बघून सांगतो.