पाच महिन्यांच्या खंडानंतर हॉर्मोन थेरपी पुन्हा सुरू केल्यावर सतत रडू येते. याचा अर्थ ही औषधे मला मानवत नाहीत असा होतो का?

तुम्ही लिहिले आहे की औषधे बंद असताना तुम्ही ‘बऱ्या होता’, पुन्हा सुरू करून सहा आठवडे झाल्यावर क्षुल्लक कारणानेही डोळे भरून येतात आणि घरचे म्हणतात की याचा अर्थ स्पष्ट आहे. मी ट्रान्स स्त्री आहे, अशाच खंडातून गेले आहे आणि नेमके हेच वाक्य माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीकडून ऐकले आहे. तो अर्थ मुळीच स्पष्ट नाही आणि घरच्यांनी तो परस्पर लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

माझी औषधे एका शस्त्रक्रियेसाठी बंद करण्यात आली होती. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका नको म्हणून शल्यचिकित्सकांनी काही आठवडे आधीपासून इस्ट्रोजेन (मी घेत असलेले स्त्री-संप्रेरक) थांबवायला सांगितले, मग शस्त्रक्रियाच पुढे ढकलली गेली आणि काही आठवड्यांचे काही महिने झाले. (ट्रान्स व्यक्तींच्या आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपॅथ या आंतरराष्ट्रीय संस्थेची 2022 सालची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की प्रत्येकाची औषधे सरसकट थांबवण्याला सध्याच्या पुराव्यांचा आधार नाही, धोका ज्याचा त्याचा पाहावा. हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही.)

पहिले काही दिवस झोप तुटत राहिली आणि अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होई. इस्ट्रोजेनच्या गोळ्या बंद केल्या की त्याची रक्तातली पातळी काही दिवसांतच उतरते, परंतु औषधांनी दाबले गेलेले टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वर यायला काही आठवडे लागतात. मधल्या काळात शरीराला दोहोंपैकी एकही पुरेसे मिळत नाही. पुढे टेस्टोस्टेरॉन परतले तेव्हा ते मला आधी वासावरून कळले. सकाळी उशीच्या अभ्र्यावर कपाळाचा तेलकट डाग असे आणि त्याला माझ्या जुन्या घामाचा वास येई. मी तो अभ्रा रोज बदलू लागले, आणि मग एक दिवस बदलणे सोडून दिले, कारण त्याचेही काही वाटेनासे झाले.

त्याच काळात आमची आत्या गेली. नातेवाइकांना फोन करणे, कागदपत्रे गोळा करणे, आल्यागेल्यांची व्यवस्था पाहणे हे सगळे मी केले आणि माझ्या डोळ्यांतून टिपूसही आले नाही. ताई सर्वांना कौतुकाने सांगत होती की औषधे सुटल्यापासून ही किती शांत झाली आहे, किती खंबीर झाली आहे. मी ते ऐकत होते आणि त्याचेही मला बरे किंवा वाईट असे काहीच वाटत नव्हते. जिने मला लहानाचे मोठे केले तिच्यासाठी रडू न येणे याला मी खंबीरपणा म्हणणार नाही.

औषधे पुन्हा सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी फोनमधला आत्याचा एक जुना ध्वनिसंदेश ऐकण्यात आला. रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा पट्टा दंडावर किती घट्ट बांधायचा, एवढेच ती विचारत होती. मध्येच तो पट्टा सुटल्याचा खरखर आवाज येतो आणि ती ‘थांब हं’ म्हणते. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रडले. ताईने खोलीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, ‘बघ, गोळ्या सुरू झाल्या आणि रडणे सुरू झाले.’ तिच्या दृष्टीने गोळ्या हे कारण होते; आत्या गेली होती, हे कारण तिला पुरेसे वाटले नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर सहा आठवडे हा फार थोडा काळ आहे. इस्ट्रोजेनची पातळी लवकर वाढत असली तरी टेस्टोस्टेरॉन पुन्हा दबायला वेळ लागतो, आणि खंडानंतर डोस कमी ठेवून सुरुवात केली असेल तर आणखीच. मन केव्हा स्थिरावेल याची तारीख कोणी देऊ शकणार नाही. एन्डोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेच्या 2017 सालच्या मार्गदर्शिकेत त्वचा, स्तन, चरबी यांच्या बदलांना किती महिने लागतात याचा तक्ता आहे. त्या तक्त्यात मनासाठी ओळ नाही. रक्त मात्र तपासता येते. त्याच मार्गदर्शिकेनुसार इस्ट्रॅडिओल (रक्तात मोजले जाणारे मुख्य इस्ट्रोजेन) 100 ते 200 पिकोग्रॅम प्रति मिलीलिटर आणि टेस्टोस्टेरॉन 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असावे. इंजेक्शन घेत असाल तर ते घेतल्यापासून कितव्या दिवशी रक्त दिले याची नोंद ठेवा, कारण दोन इंजेक्शनांच्या मधली चढउतार मनालाही जाणवते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषांनाही हे लागू आहे. बुडालेले डोस भरून काढण्यासाठी स्वतःच्या मनाने दुप्पट गोळ्या घेऊ नका.

हेही सांगायला हवे की प्रत्येक रडणे माझ्या रडण्यासारखे नसते. तुम्ही सायप्रोटेरॉन हे टेस्टोस्टेरॉन दाबणारे औषध घेत असाल तर नैराश्य हा त्याचा ज्ञात दुष्परिणाम आहे आणि तेव्हा औषध किंवा डोस बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोलले पाहिजे. औषधांपासून निराळे असे नैराश्यही असू शकते. जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता आजच डॉक्टरांना किंवा विश्वासातल्या माणसाला सांगा. आणि खंडाच्या काळात तुम्हाला खरोखरच हलके, मोकळे वाटले असेल तर तेही खरे माना. काही जण विचारपूर्वक थांबतात आणि त्यांना त्याबद्दल कोणी दोष देऊ नये. पण ते तुमचे तुम्ही ठरवायचे आहे. त्यासाठी रोज दोन ओळी लिहून ठेवा: झोप कशी लागली, कशामुळे रडू आले आणि रडून झाल्यावर हलके वाटले की आणखी खचल्यासारखे झाले. या शेवटच्या नोंदीचा मला फार उपयोग झाला, कारण डॉक्टरांनी डोस ठरवताना तीच वही समोर ठेवून घेतली.

ताईला मी ती वही दाखवली आहे. ती अजूनही म्हणते की तेव्हाची मी तिला जास्त आवडत होते, आणि ते खरे असेलही. पण तिला मी कशी आवडते यावरून माझा डोस ठरणार नाही, हे मी तिला तोंडावर सांगितले आहे. तुमच्या घरच्यांनाही तुम्ही ते सांगू शकता.