कोल्हापुरात बेघर किती आणि कोण, हे मोजायचं कसं?

प्रोजेक्टसाठी आकडा हवाय म्हणालात. आकडा काय, फॉर्मवर पहिला प्रश्न कुठला टाकता त्यावर पाहिजे तेवढा येतो. एका संस्थेच्या मोजणीत मी एक रात्र घालवलीय, म्हणून सांगतो.

आम्ही सहाजण, रात्री अकरा ते तीन, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँड ते अंबाबाईच्या देवळाजवळचा भवानी मंडप. (नवरात्रात जाऊ नका, झोपलेल्यांत भक्तच जास्त सापडतील. सीपीआर या सरकारी दवाखान्याबाहेर पेशंटचे नातेवाईक.) दीडच्या सुमारास स्टँडवर चहा घेत होतो. बाकड्यावर एक आजी, नीट नेसलेलं लुगडं, मांडीवर वायरची पिशवी. प्रवासी समजून आम्ही दोनदा तिच्यापुढनं गेलो होतो. तिनंच विचारलं, "काय मोजताय रं?" सांगितलं. "मग मला का सोडलंसा? पाच वरसं हितंच हाय. कुणी हटकलं की म्हणायचं, पहाटच्या गारगोटी गाडीनं जाणार." आडवी का होत नाही विचारलं तर म्हणाली, "बसल्याली बाई पॅसेंजर वाटती. आडवी झाली की समद्यांस्नी दिसती."

तेवढ्यात आमचे सर आले. "आजी, घर आहे का?"

"हाय की. गावात. लेकाच्या नावावर."

सरांनी फॉर्मवर काट मारली. घर आहे, म्हणजे बेघर नाही!

मी तिथंच भांडलो. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेचे लोक बेघर मोजायला निघाले, तेव्हा कुणाच्या घराचा उतारा मागत नव्हते. फुटपाथ, पूल, जिन्याखाली, फलाट, देऊळ, तिथं राहतो तो बेघर. तरी देशभरात सुमारे १७.७ लाखच भरले. सर म्हणाले, "भावनिक होऊ नका."

भावनिक कसलं? केंद्राच्या शहरी बेघरांच्या योजनेत लाख वस्तीमागं शंभरजणांचा निवारा धरला होता. २०११ ला शहर साडेपाच लाखांचं, म्हणजे साडेपाचशे जागा. आजी खोडली की कुणीतरी म्हणणारच, एवढ्या कशाला?

कोण असतात म्हणाल तर भिकारी हे चित्र डोक्यातनं काढा. हमाल, हॉटेलात भांडी घासणारे, केटरिंगची पोरं, दारूपायी निघालेले, घरच्यांनी काढलेले म्हातारे. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामापुरत्या खोपीत असतात, त्या वेगळ्या लिहा.

'घर आहे का' हा प्रश्न ठेवूच नका. काल रात्री कुठं होता, परवा कुठं, एवढं विचारा. सोबत बाई न्या. दोन रात्री मोजा. पहिल्यातले किती पुन्हा भेटले यावरून सुटलेल्यांचा अंदाज निघतो, गणित स्टॅटच्या मॅडमना विचारा.

आता, माझी एकच रात्र, एकच रस्ता. लक्ष्मीपुरी, मार्केट यार्ड आम्ही बघितलंच नाही. आणि सरांचंही अगदीच चूक नव्हतं. गावी घर असलेला हमाल भाडं वाचवायला स्टँडवर झोपतो, सणाला घरी जातो. पण त्याला दार उघडं असतं. सर अजून रंकाळ्यावर फिरायला भेटतात. मी आजीचा विषय काढला की चालायचा वेग वाढवतात.